मुक्कामी गाडीतली दुसरी जागा

तातेराव एसटीतून रिटायर झाले आणि उषाबाईंच्या घरात एक माणूस वाढला. म्हणजे माणूस जुनाच, लग्नाचाच. पण इतकी वर्षं तो रात्री घरी असायचा कुठं? डेपोची मुक्कामी गाडी ज्या ड्रायव्हरच्या बोडख्यावर पडायची, तो हाच. संध्याकाळी गाडी घेऊन एखाद्या आडगावाला जायचं, पाराजवळ लावायची, गाडीतच झोपायचं, आणि सकाळी कॉलेजची पोरं, दुधाच्या कॅनी आणि कोर्टाच्या तारखांना निघालेली माणसं भरून परत यायचं. बाकीचे ड्रायव्हर ही ड्यूटी चुकवायला पोटदुखी काढायचे. तातेराव ती मागून घ्यायचे. तिथं शांत असतं, म्हणायचे. घरी काय तोफा डागत होतो का आम्ही, असं उषाबाईंच्या जिभेवर यायचं. एक-दोनदा त्या बोलल्याही.

आता हा माणूस बदनापूरच्या घरात मुक्कामाला आला आणि त्याला झोप येईना. पंखा आवाज करतो म्हणाले. नवा पंखा आणला तर आवाजच करत नाही म्हणून तक्रार. गादी मऊ, खोली मोठी, छत फार लांब. शेवटी एका सकाळी उषाबाई अंगण झाडायला बाहेर आल्या तर नवरा अंगणातल्या आपल्या जुन्या जीपच्या मागच्या बाकावर आडवा, आणि खिडकीतून दोन पाय बाहेर. समोरच्या वंदनानं दूध घेता घेता ते बघितलं. वंदनानं बघितलं म्हणजे निम्म्या बदनापूरनं बघितलं.

"काकू, भांडण झालं का हो?"

"न्हाई गं बाई. ड्यूटीवर हायेत," उषाबाई म्हणाल्या आणि बाहेर आलेल्या तळव्यांना झाडूचा एक फटका देऊन पुढं गेल्या.

या सगळ्यावर उपाय काढला तो तौफिकनं. तौफिक हा अजमतभाईंचा मुलगा, आणि अजमतभाई म्हणजे तातेरावांचे कंडक्टर. डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरच्या जोड्या महिन्या-महिन्याला मोडायच्या. ही काही मोडली नाही. तातेराव ठेंगणे, सीटवर उशी घेतल्याशिवाय त्यांना पुढचा रस्ता दिसायचा नाही. अजमतभाई सहा फुटांच्या वर, गाडीत वाकूनच उभे राहायचे. दोघांना स्टँडवर एकत्र बघितलं की नवीन माणूस हसायचाच. तौफिकनं जालना रोडला प्लायवूड कापायचं दुकान टाकलं होतं. करवत-रंधा काही नाही, कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीनवर पाट्या टाकायच्या आणि बटण दाबायचं. मशीन आपलं फिरत-फिरत दाराच्या जाळ्या, पलंगाची डोकी आणि मुख्य म्हणजे देवघरं कापून देई. तालुक्यातले निम्मे गणपती तौफिकच्या मशीनमधून निघालेल्या कमानीखाली बसले होते.

तर या तौफिकनं एकदा तातेरावांना मोबाइलवर दाखवलं. परदेशातला कुणी माणूस मोटारीच्या मागं एक खोकं ओढत चालला होता. पुढून गोल, मागं उतरतं होत गेलेलं, पाण्याचा थेंब आडवा पडल्यासारखं. आत नुसतं दोन माणसांचं अंथरूण, मागची झडप वर उचलली की स्वयंपाकाचा ओटा. जिथं वाटेल तिथं थांबा आणि झोपा.

तातेरावांनी तो व्हिडिओ बघितला, परत बघितला. चहा निवला तरी त्यांचं ध्यान नाही.

"ही तर मुक्कामी गाडी हाय," ते म्हणाले. "फक्त पब्लिक न्हाई."

उषाबाईंनी मागून डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "कोंबड्याचं खुराडं हाय ते. चाकं लावलेलं."

आता इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण उषाबाई स्वतः ती कुणालाच सांगणार नव्हत्या. त्यांना ते खुराडं बघता क्षणी आवडलं होतं. त्यांना त्यातून पिंपळगाव रेणुकाईला जायचं होतं.

पिंपळगाव रेणुकाई हे तातेरावांच्या सगळ्यात लाडक्या मुक्कामाचं गाव. उषाबाईंनी ते गाव इतकं ऐकलं होतं की तिथला पाण्याचा हापसा कुठं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. देवीच्या देवळाजवळ गाडी लावायची. उन्हाळ्यात वर टपावर झोपायचं, वारं असं सुटतं की पांघरूण घ्यावं लागतं. आणि गिरिजाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा पाठवते. त्या गिरिजाबाईचा ठेचा उषाबाईंनी उभ्या संसारात कानांनी खाल्ला होता. आपण घरी मरमर मरून केलेला ठेचा ताटात असताना नवरा त्या ठेच्याचं कौतुक करायचा, आणि ही बाई ऐकून घ्यायची. ऐकून घ्यायची म्हणजे अगदी मुकाट्यानं नव्हे. पण मनात यायचंच, की आपल्या लग्नाच्या निम्म्या रात्री या गावांमध्ये गेल्या आणि आपण ती गावं डोळ्यांनी बघितलीसुद्धा नाहीत.

एसटीनं जाता आलं असतं की, असं कुणी म्हणेल. नवरा मुक्कामाला झोपतो ते गाव बघायला बायको एकटी एसटीनं गेली, तर लोक काय म्हणतील? तपासणीला आली म्हणतील. आणि नवऱ्याला तोंड उघडून 'मला न्या' म्हणायचं, तर उषाबाईंच्या तोंडाची ठेवणच तशी नव्हती. त्यांना एखादी गोष्ट नावडली तर त्या टोचून बोलायच्या, आणि आवडली तर जास्तच बोलायच्या.

मग काम सुरू झालं. पहिलं माप अंगणात घेतलं. तौफिकनं प्लायची अर्धी पाटी जमिनीवर टाकली, अजमतभाईंना तिच्यावर उताणं झोपवलं आणि तातेरावांनी खडूनं त्यांच्याभोवती रेघ मारली. अजमतभाईंचे पाय पाटीच्या बाहेर. दुसरी पाटी जोडली. उषाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"पंचनामा कराया लागले का काय?" त्यांनी विचारलं.

"भाभी, माप द्यायलोय," अजमतभाई पडल्या पडल्या म्हणाले.

उषाबाईंना वाटलं, शहाणपणा केला. उंच माणसाच्या मापानं बिछाना केला म्हणजे कुणालाही पुरेल.

दोन्ही बाजूंच्या भिंती तौफिकनं मशीनवर कापल्या. तो आकार कापून निघाला तेव्हा दुकानात गर्दी जमली. कुणी म्हणालं सशाचं धड आहे, कुणी म्हणालं अर्धी टरबुजाची फोड. कडांना खाचा अशा बरोबर आल्या होत्या की एका पाटीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून वर हातोड्यानं हलकं ठोकलं की बस, खिळ्याची गरज नाही. तातेरावांनी आयुष्यभर जी गाडी चालवली तिचा एकही पत्रा दुसऱ्या पत्र्याला धड चिकटलेला नव्हता. ते त्या खाचेवरून बोट फिरवत राहिले.

दारानं मात्र घोळ केला. तौफिकच्या कॉम्प्युटरात 'दार' म्हणून जे काही साठवलेलं होतं ते सगळं देवघराचं. त्यानं नुसती लांबी-रुंदी बदलली आणि चहा प्यायला गेला. मशीननं आपल्या सवयीनं वर महिरप कोरली, महिरपीला घंट्या टांगायची भोकं पाडली आणि मध्ये मोराची जाळी घातली. परत दुसरं दार कापायचा खर्च नको म्हणून तातेरावांनी तेच बसवलं. आतून जाळीला मच्छरदाणीची चौकट केली, काम भागलं. पण डबा अंगणात उभा राहिल्यावर वंदना सकाळी फुलं घेऊन आली, दारासमोर चप्पल काढली, हात जोडले आणि मग आत डोकावून विचारलं, "मूर्ती कधी बसवायलेत?"

"मूर्ती हाय की. घोरायलीये," उषाबाई म्हणाल्या. आत तातेराव बिछान्याची फळी नीट बसली का ते बघायला आडवे झाले होते आणि पंख्याविना, गादीविना त्यांना गाढ झोप लागली होती.

छपरानं सगळ्यात जास्त त्रास दिला. पातळ प्लाय गोल वाकवायचा म्हणजे तो आधी भिजवावा लागतो, मग वर वजन ठेवून हळूहळू दाबत न्यायचा. तौफिकच्या मशीनला वाकवता काही येत नव्हतं. मग उषाबाईंच्या घरातली जुनी चादर भिजवून प्लायवर टाकली आणि वजनाला पाटा, वरवंटा, गव्हाची कोठी, शेवटी उषाबाई स्वतः.

"बसा भाभी तिथं थोडा वेळ," अजमतभाई म्हणाले.

"माझं वजन काढून राह्यलात का अजमतभाई?"

"वजनदार माणूस पायजे ना कामाला."

त्या बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी शेंगा सोलल्या. प्लाय त्यांच्याखाली हळूहळू वाकत होता आणि त्यांना मनातून फार बरं वाटत होतं. या छपराखाली आपण झोपणार, आणि त्याला आकार आपणच दिला. वर बोलल्या त्या एवढंच, की माझी हाडं मोडली तर दवाखान्यात हेच खुराडं घेऊन चला.

एक गोष्ट त्यांना खटकली. मागचा ओटा त्यांच्या छातीला लागत होता. त्यावर पोळी लाटायची तर स्टूल घ्यावं लागलं असतं. 'बायकांची मापं पुरुषांना आजवर कुठं कळलीत,' असं मनाशी म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं. आता कुणीही शहाणा माणूस विचारील की बाई, एवढं सगळं समोर दिसत असताना तुला उमगलं कसं नाही? नाही उमगलं. माणसाला जे पाहिजे असतं तेच दिसतं, आणि उषाबाईंना पिंपळगाव दिसत होतं.

डब्याला एसटीचा लाल रंग दिला. उषाबाईंनी गुपचूप कपाटातली हिरवी साडी काढून उन्हात टाकली. दोन पातेली, चहाची गाळणी, हिंगाची डबी एका पिशवीत बाजूला काढून ठेवली. तातेराव म्हणाले सोमवारी निघायचं, पहिला मुक्काम पिंपळगाव. त्या म्हणाल्या, "जा बाबा एकदाचं, अंगण तरी मोकळं होईल." आणि साडीला इस्त्री करायला दिली.

रविवारी दुपारी त्या अजमतभाईंकडं गेल्या, केलेले धपाटे द्यायला. अजमतभाईंची बायको कमरुन्निसा खाटेवर बॅग भरत बसली होती. दोन लुंग्या, स्वेटर, टॉवेल.

"बरं झालं उषाभाभी आल्या," ती म्हणाली. "यांच्या बीपीच्या गोळ्या वरच्या खिशात घातल्यात बघा. तुमच्या मालकाला बोलना, याद से देना. दोघं मिळाले की यांना गोळ्यांची याद राहत नाही."

उषाबाईंनी स्वेटर बघितला, लुंग्या बघितल्या.

"हे चाललेत का?"

"मंग? इनके बगैर तातेभाई जातील का? किती महिने झाले, घरात एकच बात. ताते पुढं डोकं करून झोपणार, हे मागं. गाडीत झोपायचे तसंच. उंचीचं माप बी यांचंच घेतलं ना."

उषाबाई हो म्हणाल्या. धपाट्यांचा डबा रिकामा करून घेतला, कमरुन्निसाच्या हातचा चहा प्यायल्या, पोरांची चौकशी केली. रस्त्यात त्यांना एकदम इतकं लाज वाटल्यासारखं झालं की समोरून येणाऱ्या वंदनाला टाळायला त्या दुसऱ्या गल्लीनं गेल्या. हिरवी साडी. या वयात. इस्त्रीवाल्यानं विचारलंही होतं, लग्न आहे का कुणाचं.

घरी तातेराव डब्याच्या चाकांना हवा मारत होते.

"किती माणसं झोपतात याच्यात?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"कोण कोण?"

तातेरावांनी वर बघितलं. "म्हंजे? मी आन् अजमत."

"आन् मी?"

"तू?" त्यांना खरोखर कळलं नव्हतं. "तू काय करणार तिथं? संडास न्हाई, नळ न्हाई. तुला करमंल का?"

"करमंल का न करमंल, विचारलं का कुणी मला?"

"अगं, पहिल्या दिवसापासून तूच खुराडं म्हणून राह्यलीस," तातेराव म्हणाले. "मी रोज ऐकतोय. चाकं लावलेलं खुराडं. जा बाबा एकदाचं, अंगण मोकळं होऊ दे, हे काल कोण म्हणलं? मला वाटलं हिला त्याची किळस हाय."

ज्या बाईला डेपो मॅनेजरपासून गॅसवाल्यापर्यंत कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं ती पायरीवर मटकन बसली. दोष नवऱ्याचा होता, शंभर टक्के त्याचाच होता, पण त्यात आपल्या जिभेचाही बराच हात आहे हे त्यांना दिसलं आणि त्याचाच जास्त राग आला. तातेरावांनी पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "अजमतला जबान दिली हाय. आता कसं करू?" त्यांचंही काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. उषाबाई आत जाऊन भाकरी थापायला लागल्या.

सोमवारी सकाळी तातेराव आंघोळ करून बाहेर आले तर स्वयंपाकघर बंद, गॅस बंद. त्यांनी जीप चालू केली आणि इंजिन गरम व्हायला सोडून मागची कडी तपासायला गेले. डब्याचं महिरपीचं दार उघडं होतं. आत हिरवी साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन उषाबाई बसल्या होत्या.

"हे काय?"

"पिंपळगावची गाडी हीच ना?"

"उषे, उतर. अजमत येऊन राह्यला."

"येऊ द्या."

"मी त्याला काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी तीस वर्षं त्या गिरिजाबाईचा ठेचा ऐकला हाय. आज मी तो खाणार. मला जायचंय," उषाबाई म्हणाल्या. "खुराडं म्हणले, चुकले. पण मला जायचंय."

बायकोच्या तोंडून 'चुकले' हा शब्द तातेरावांनी पहिल्यांदाच ऐकला होता आणि त्याचं काय करतात ते त्यांना माहीत नव्हतं. ते जाऊन जीपच्या सीटवर बसले, उशी सारखी केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्याकडं बघत राहिले.

अजमतभाई बॅग घेऊन आले. मागून कमरुन्निसा पाण्याची बाटली घेऊन. अजमतभाईंनी वाकून दारातून आत बघितलं. उषाबाईंनी पिशवी छातीशी धरली. त्यांना वाटलं, आता हा माणूस हसेल, नाहीतर समजूत घालील, आणि समजूत घातली तर आपण उतरू. इतक्या वर्षांच्या दोस्ताच्या जागेवर चढून बसलोय आपण, याची त्यांना पुरती जाणीव होती.

"अजमत, तूच सांग तिला," पुढून तातेराव ओरडले. "मी तुला जबान दिलीये."

अजमतभाईंनी बॅग खाली ठेवली. त्यांनी उषाबाईंच्या साडीकडं बघितलं, बाजूला नीट घडी घालून ठेवलेल्या दोन चादरींकडं बघितलं.

"कुठं जायचं, बाई?" त्यांनी विचारलं. भाभी नाही, बाई. डेपोत हजारो जणींना विचारलं असेल तसं.

"पिंपळगाव रेणुकाई," उषाबाई म्हणाल्या.

"एक?"

"एक."

अजमतभाईंनी मान हलवली. मग ते सरळ झाले आणि पुढं बघून म्हणाले, "ताते, लेडीज सीट हाय. कंडक्टरला उठावं लागतं."

"अरे पण तू..."

"मी लई झोपलो तुझ्या संगं. घोरतोस तू. आता त्यांना ऐकू दे." आणि आत वाकून हळू आवाजात म्हणाले, "भाभी, भोकरदनच्या फाट्यापर्यंत कडेला धरून बसा, मंग पुढं जीपमध्ये जाऊन बसा. मागं बसून लांब जायचं न्हाई."

त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि प्लायवर मुठीनं दोनदा मारलं. ठक, ठक.

डबल बेल. तातेरावांचा सगळा जन्म त्या दोन आवाजांवर गेला होता. डबल बेल झाली की गाडी काढायची. मागं कोण चढलं, कोण राहिलं, हे ड्रायव्हरनं बघायचं नसतं. त्यांचं तोंड अजून "अरे अजमत, ऐक तर" म्हणत होतं आणि पायानं क्लच सोडलाही होता. जीप हलली. मागून लाल डबा हलला. मोराच्या जाळीतून उषाबाईंना दिसलं, की अजमतभाई अंगणात उभे आहेत आणि कमरुन्निसानं त्यांची बॅग उचलून स्वतःच्या हातात घेतली आहे. वंदना दारात येऊन बघत होती. उषाबाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते फुटू दिलं. एरवी त्यांना अशी चैन परवडत नसे.

गल्लीच्या तोंडाशी एक मोठा गतिरोधक होता. एसटीच्या मागच्या बाकावर एकदा तरी बसलेल्या माणसाला गतिरोधक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ड्रायव्हर पुढं निवांत असतो आणि मागची माणसं टपाला डोकं आपटून खाली येतात. आणि तातेरावांची त्या बाबतीत डेपोत खास ख्याती होती. उषाबाईंनी डोळे पुसले, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि दात आवळले.

जीप थांबल्यासारखी झाली. जीपची चाकं हळूच चढली, हळूच उतरली. मग तातेरावांनी आणखी सावकाश, रांगत्या पोराला उंबरा ओलांडून द्यावा तशी, मागच्या डब्याची दोन चाकं त्यावरून घेतली. पिशवीतली पातेली वाजलीसुद्धा नाहीत.